आपोआप रिकामी झालेली बादली

वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात 'आपोआप' या शब्दाला बंदी होती. तसा लेखी नियम नव्हता. पण ट्रक आपोआप उलटला, भिंत आपोआप कोसळली, असं वाक्य एखाद्या वार्ताहराकडून आलं की आमचे मुख्य उपसंपादक त्या शब्दाभोवती लाल गोल काढत आणि समासात लिहीत, 'चालक कुठे आहे?' भिंतीच्या बातमीवरही ते हेच लिहीत. अर्थ पोहोचायचा.

त्या विभागात मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या. पुढे पानं कॉम्प्युटरवर लागू लागली, आणि ऐन अंक सुटायच्या वेळी बंद पडलेलं मशीन चालू करायला कुणी सापडेना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मशीनच्या सगळ्यात जवळ मी बसत होतो, एवढीच माझी पात्रता. नोकरी संपल्यावर तेच काम घरोघरी जाऊन करू लागलो. आज कोल्हापुरात आणि आसपास, मुरगूड-गारगोटीपर्यंत, लोकांच्या घरचे कॉम्प्युटर पाहतो. 'आपोआप' या शब्दाने मात्र पाठ सोडली नाही. पूर्वी तो बातमीतून यायचा, आता फोनवरून येतो.

“काय न्हाय केलं ओ. आपोआप बंद पडलाय.”

माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, आतल्या मेमरीच्या पट्ट्या पुसायला एक खोडरबर आणि एक जादा की-बोर्ड असतो. पिशवी उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो : बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं? मग तोच प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारतो, शक्यतो पहिला माणूस चहा सांगायला आत गेल्यावर. दोन्ही बाजू घेतल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हा नियम या धंद्यात जसाच्या तसा लागू पडतो. मुरगुडात एका गृहस्थांनी मला देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, की मशीनला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. त्यांच्या पत्नीने पोह्यांची बशी ठेवता ठेवता माहिती पूर्ण केली.

“हात न्हाय लावला. परवा नुसता धुतला.”

धुतला होता तो की-बोर्ड. नळाखाली, भांड्यांच्या साबणाने. स्वच्छ निघाला होता, याबद्दल दुमत नाही.

दुरुस्तीच्या निम्म्या तक्रारी 'जड चालतोय' या दोन शब्दांत बसतात. त्यावरचा पहिला उपाय सांगितला की लोकांना वाटतं, हा माणूस आपल्याला टाळतोय. उपाय असा : बंद करून परत चालू करा. दिवसभर काम करताना कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात उष्टं-खरकटं साठत जातं. परत चालू केलं की भांडी घासून पुन्हा मांडल्यासारखं होतं. यात एक बारीक गोष्ट आहे. हल्लीची बरीचशी मशीनं 'शट डाउन' म्हटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. पुन्हा लवकर उठता यावं म्हणून अर्धी जागी राहतात, आणि कालचं खरकटं तसंच राहतं. म्हणून जडपणा घालवायचा असेल तर 'रीस्टार्ट' दाबावं. अनेक घरांत यातलं काहीच होत नाही. पडद्याचं बटण दाबून 'केला बंद' असं जाहीर केलं जातं. गोठ्यातला दिवा मालवला म्हणून म्हैस झोपत नाही.

दुसरा प्रकार 'रिफ्रेश'चा. माउस हातात आला की आमच्याकडचा माणूस पडद्यावरच्या रिकाम्या जागी क्लिक करून आधी चार-पाच वेळा रिफ्रेश मारतो. पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो, तसा हा विधी आहे. रिफ्रेशने पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, वेग तसूभर वाढत नाही. हे मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदारांना त्यांच्या घरी सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, “बरोबर हाय तुमचं,” म्हणाले, आणि रिफ्रेश मारला.

वेग खाणारे वेगळेच असतात. मशीन सुरू झालं की त्याच्याबरोबर न सांगता सुरू होणारे प्रोग्रॅम असतात. निमंत्रण एकाला आणि पंगतीला दहा, अशी स्थिती असते. ते सुरुवातीलाच थांबवायची सोय प्रत्येक मशीनमध्ये आहे, वापरणारा क्वचित. काही घरांत सुरक्षेसाठी दोन-दोन अँटिव्हायरस घातलेले असतात. एका तालमीत दोन वस्ताद ठेवले की पोरांचा व्यायाम होत नाही, वस्तादांची भांडणं होतात. एक ठेवावा.

आणि दसऱ्यानंतरचा आठवडा हा आमचा हंगाम. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. कोयता, वजनकाटा, लेथ, मोटारसायकल यांच्या ओळीत आता कॉम्प्युटरही आला आहे. त्याला हळद वाहतात, कुंकू वाहतात, अक्षता टाकतात, झेंडू घालतात. कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूने जाळी असते, आत पंखा असतो आणि तो बाहेरची हवा ओढून घेतो. हवेबरोबर हळदही ओढतो, त्याला फरक कळत नाही. पंखा अडला की आतला प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःहून सावकाश चालतो, आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद करतो. ग्राहकाच्या भाषेत, आपोआप. मी पूजेला कधी विरोध केलेला नाही. मशीन बंद ठेवावं, समोरच्या बाजूला एक बोट लावावं, जाळीला लावू नये. विणलेलं आच्छादन घातलं असेल तर मशीन चालू करताना काढावं. वर्षातून दोनदा डबा उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. एवढं केलं तर मला बोलवावं लागत नाही, हे माहीत असूनही मी सांगत आलो आहे.

सुमतीअक्कांचा फोन मागच्या दसऱ्यानंतर आला, तेव्हा मला हळदच वाटली होती.

“पेपरवाले,” त्या म्हणाल्या, “माझी बादली रिकामी झालीया. आपोआप.”

मी नळाची कामं करत नाही, असं उत्तर तोंडावर आलं होतं. पण अक्का बोलतच होत्या, आणि हळूहळू लक्षात आलं की बादली कॉम्प्युटरमधली आहे.

सुमतीअक्का राजारामपुरीत राहतात. जैन कुटुंब, शेती सीमेकडच्या गावात, शहरात खतांचं दुकान. दुकान त्यांचे पती पाहतात. अक्का लग्नं जमवतात. बऱ्याच वर्षांपासून, आपल्या समाजातली, एक पैसा न घेता. मोबदला म्हणून जमवलेल्या प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीचं पान, आणि तिथे कुणी त्यांना विसरलं तर ते कुटुंब त्या विसरत नाहीत. मुलामुलींचे फोटो आणि माहिती त्यांच्या फोनवर येते. तिथून त्या ती कॉम्प्युटरवर घेतात, कारण फोनवर मुलगा बारीक दिसतो आणि बारीक दिसणाऱ्या मुलाबद्दल मत देता येत नाही.

त्यांची पद्धत अशी होती : चालू स्थळं पडद्यावर उघडी मांडलेली. इतकी, की मागचं चित्र कोणतं आहे ते दिसत नसे. नकार आलेली स्थळं रिसायकल बिनमध्ये. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : कॉम्प्युटरमधली फाईल काढून टाकली की ती ताबडतोब जात नाही, आधी या बिनमध्ये जाऊन पडते, चुकून काढली असेल तर परत घेता यावी म्हणून. पडद्यावर त्याचं चित्र कचऱ्याच्या बादलीचं असतं. अक्का त्याला बादली म्हणत आणि नकार आलेली माणसं तिथे कायमची ठेवत.

मी गेलो तेव्हा अक्का मशीनसमोरच बसल्या होत्या आणि बादली पुन्हा पुन्हा उघडून पाहत होत्या. आधीच्या एका भेटीत मी त्यांना सांगितलं होतं की ती वस्तू ठेवण्याची जागा नव्हे, ती कचऱ्याची बादली आहे. आता तेच परत सांगितलं.

“कचऱ्याची असती तर तिच्यावर फिरवलेले बाण कशाला असते?” त्या म्हणाल्या. “बाण बघा की. गेलेलं फिरून येतंय असा त्याचा अर्थ हाय. आणि एकदा 'रिस्टोर' म्हटलं की पोरगं जिथनं उचललं तिथंच जाऊन बसतंय. दुसऱ्या कुठल्या कपाटात अशी सोय हाय, सांगा.”

मी विषय बदलला आणि अडलंय कुठे, ते विचारलं.

त्या दिवशी अडलं होतं ते गारगोटीच्या सन्मतीपाशी. सन्मती शाळेत शिकवते. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, असं पहिल्याच भेटीत सांगते, आणि त्यामुळे तिला दोन-तीन नकार आले होते. अक्कांनी तिला बादलीत ठेवलं होतं. आता जयसिंगपूरकडच्या एका घराने विचारलं होतं, की नोकरी करणारी आणि ती सोडणार नाही म्हणणारी मुलगी आहे का. मुलाची आईच नोकरीतून निवृत्त झालेली, त्यामुळे त्यांना ठाम मुलगीच पाहिजे होती. अक्कांनी तिथल्या तिथे सांगितलं, हाय माझ्याजवळ. रविवारी ते लोक माहिती आणि फोटो बघायला अक्कांच्या घरी येणार होते. आणि बादली उघडावी तर आत काही नाही. जुना फोन पाण्यात पडलेला, त्यामुळे तिथेही काही नाही.

मुलीच्या वडिलांकडून परत मागवून घ्या, असं मी सुचवलं. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला मुख्य उपसंपादकांची आठवण झाली.

“काय म्हणून मागू? गेल्या वर्षी त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलंय, पोरगी माझ्याजवळ जपून ठेवलीया, तुम्ही काळजी करू नका. आता परत फोटो मागायचा म्हणजे तुमची पोरगी आम्ही बादलीत घातलेली, असं सांगायचं. त्या माणसानं नकार सोसलेत, हे सोसंल व्हय?”

म्हणजे काम फायली परत आणण्याचं होतं. पण अक्कांना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी होती. बादली रिकामी केली कुणी, ते.

मशीन बंद करण्याआधी मी पडदा नीट पाहिला. कोपऱ्यात एक नवीन चित्र होतं, केरसुणीचं. इंटरनेटवर फुकट मिळणारे 'सफाई'चे प्रोग्रॅम असतात, त्यातला एक. असा प्रोग्रॅम घेतला की तो लाल अक्षरांत सांगतो, तुमच्या मशीनमध्ये शेकडो दोष आहेत. दोष शोधण्याचं काम तो फार मन लावून करतो, कारण पुढे मोठी सफाई विकत घ्यायला लावायची असते. 'साफ करा' दाबलं की तो निरुपयोगी फायली काढतो आणि त्याच झटक्यात बादलीही रिकामी करतो. सफाई करणाऱ्याच्या दृष्टीने बादलीत कचराच असतो. असे प्रोग्रॅम घेऊ नयेत. त्यातलं जे खरोखर आवश्यक असतं ते मशीनमध्ये मुळातच दिलेलं असतं.

हे कुणी घातलं, असं मी विचारलं. अक्का म्हणाल्या, ते काय आहे ते त्यांना माहीत नाही, आपोआप आलं असेल. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. शेवटचं काय झालं होतं?

“काय न्हाय. दसऱ्याला जावई सोनं द्यायला आलते, त्यांनी जरा बघितलं. त्यांचा हात लागला आणि काय पळाय लागला म्हणून सांगू! मी सगळ्यांना सांगितलं, जावयाच्या हाताला गुण हाय.”

जावई अभिनंदन. शिरोली एमआयडीसीत स्वतःचं लहानसं मशीन शॉप. लग्न होऊन वर्ष झालेलं नव्हतं. बातमी मिळाली होती, पण दुसरी बाजू घ्यायची होती.

दुसरी बाजू अक्कांनीच आणखी अवघड करून ठेवली. बादली किती उपयोगाची, हे पटवताना त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “आमचे जावईसुद्धा तिथनंच काढलेत.”

झालं होतं ते असं. अभिनंदनरावांचं स्थळ पहिल्यांदा आलं तेव्हा फोटोत ते डोळ्यांवर काळा गॉगल लावून मोटारसायकलवर रेलले होते आणि शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. अक्कांच्या मुलीने, तृप्तीने, फोटो पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, “घाला.” म्हणजे बादलीत. तीन-चार महिन्यांनी अक्कांनी सहज बादली उघडली, माहिती पुन्हा वाचली आणि दुसरा फोटो मागवला. त्यात सदरा पांढरा होता आणि डोळे दिसत होते. लग्न झालं. गॉगलचा फोटो परत बादलीत गेला.

“त्यांना ह्यातलं कायबी माहीत न्हाय,” अक्का म्हणाल्या. “पहिल्या फोटोतच पसंत पडला असं सांगितलंय. पहिला दिवाळसण तोंडावर हाय. तुम्ही घरातल्यासारखे, म्हणून बोलले.”

पेपरात आयुष्य घालवलेल्या माणसाला गुपित सांगणं धाडसाचं असतं. पण त्यांनी ते केलं होतं.

आता गेलेली फाईल परत कशी येते ते सांगतो. लॉजच्या दाराशी पाटी असते, कुठल्या खोलीत कोण उतरलंय त्याची. फाईल कायमची काढली म्हणजे कॉम्प्युटर त्या पाटीवरचं नाव पुसतो. पाहुणा खोलीतच असतो. नवा पाहुणा आला आणि तीच खोली त्याला दिली, की मगच जुना बाहेर पडतो. म्हणून काही हरवलं असं लक्षात आलं की पहिलं काम म्हणजे मशीन बंद करायचं. त्यावर शोधत बसायचं नाही, नवं काही उतरवायचं नाही. दरवेळी नवा पाहुणा येतो आणि एक खोली जाते.

हे सांगायला मी एका घरी उशिरा पोहोचलो होतो. गंगावेशीतले एक निवृत्त मास्तर. मुलाच्या लहानपणाचे सगळे फोटो त्यांच्याकडून निघून गेले. त्यांनी आठवडाभर त्याच मशीनवर ते शोधले, परत आणून देणारे चार निरनिराळे प्रोग्रॅम त्याच मशीनवर उतरवले, आणि मग मला बोलावलं. चार पाहुण्यांनी फोटोंच्याच खोल्या घेतल्या होत्या. मास्तरांनी मला दाराशी विचारलं होतं, “एकबी न्हाय?” एकही नव्हता. तेव्हापासून प्रत्येक घरी सांगतो : जे गमावून चालणार नाही ते दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण त्या कॉम्प्युटरच्या बाहेरचं असू द्या. सगळे मान हलवतात.

अक्कांच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल होती. त्यांची हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची, सावकाश चालणारी. आता बसवतात त्या नव्या डिस्क वेगवान असतात, कुठल्याही जड मशीनला त्यांच्याइतका गुणकारी उपाय नाही. पण त्या झाडलोटही लगेच करतात, आणि गेलेलं सहसा हाती लागत नाही. अक्का ज्या जडपणाला वर्षभर नावं ठेवत होत्या, तोच आता त्यांच्या बाजूने उभा होता.

डिस्क काढून घरी नेतो म्हटल्यावर अक्कांनी साफ नकार दिला. लोकांच्या मुलींचे फोटो आहेत, ते घराबाहेर जाणार नाहीत. मुद्दा बरोबर होता. मग जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला, डिस्क बाहेरून त्याला जोडली आणि गेलेलं शोधून आणणारा प्रोग्रॅम लावला. तो डिस्कची एकेक खोली ठोठावत जातो. यात तास जातात, आणि करण्यासारखं काही नसतं.

दुपारी अभिनंदनराव आले. तृप्तीने फोन केला असावा. कारखान्यातून तसेच निघाले होते, बाहीला तेल लागलेलं. अक्का आत पाणी आणायला गेल्या तशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं.

“ती केरसुणी घातली मी, आणि 'साफ करा' दाबलं ते पण मीच,” ते म्हणाले. “लाल अक्षरात दोष दाखवत होतं ओ. आमच्याकडं मशीननं लाल दाखवलं की हात जातोच. मला काय ठाऊक, आत्ती बादलीत माणसं ठेवत्यात म्हणून.”

मी म्हटलं, कुणालाच ठाऊक नसतं.

“आत्तींना तेवढं सांगू नका. पहिला दिवाळसण हाय.”

तेच वाक्य, त्याच घरात, दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजू घेण्याचा तोटा मला त्या गॅलरीत पहिल्यांदा कळला.

संध्याकाळ व्हायच्या आत फायली येऊ लागल्या. बादलीत पडलेल्या फाईलला मशीन स्वतःचं सांकेतिक नाव देतं, त्यामुळे कुठल्याच फाईलवर मूळ नाव नव्हतं. एकेक उघडून चेहऱ्यावरूनच ओळखायचं होतं. अक्का माझ्या उजवीकडे बसल्या, अभिनंदनराव डावीकडे. मी एकेक उघडत गेलो.

अक्कांना प्रत्येक चेहरा पाठ होता. हा कागलचा, चांगला होता पण आईने आधी जागा किती विचारली. ही इचलकरंजीची, हिनेच नकार दिला, मुलगा चहात साखर जास्त घालतो म्हणून. काही फोटो अर्धेच आले होते. कपाळ आणि डोळे स्पष्ट, नाकाखाली नुसता करडा पट्टा. अशा एकाला पाहून अक्का म्हणाल्या, हा असाच बरा दिसतोय. एका फोटोत उंची दिसावी म्हणून मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि चौकट तेवढी आली होती, मुलगा आला नव्हता.

सन्मती येत नव्हती. फायली संपत आल्या तशी अक्कांची बोटं पदराशी चाळा करू लागली. मग त्यांनी अचानक पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे वळल्या.

“पेपरवाले, एक विचारते. सकाळपासनं तुम्ही बोलंना झालाय. बादली रिकामी केली कुणी? यंत्र न्हाय, माणूस सांगा.”

अभिनंदनराव पंख्याकडे पाहू लागले. मी उत्तर लांबवण्यासाठी पुढची फाईल उघडली.

पडदाभर मोटारसायकल आली. तिच्यावर रेललेला गॉगल आला. दोन उघडी बटणं आली. दुर्दैवाने हा फोटो पूर्ण आला होता, एक कोपराही गेलेला नव्हता.

अभिनंदनराव पुढे वाकले, स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मग सावकाश म्हणाले, “आत्ती, हा तर मी. बादलीतनं?”

स्वयंपाकघराच्या दारात अक्कांचे पती चहाचा कप घेऊन उभे होते, ते तसेच मागे फिरले. अक्कांनी पदर सावरला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. लग्नं जमवणाऱ्या माणसाला हे जमतं.

“आपोआप आला असंल,” त्या म्हणाल्या.

जावयांनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा गॉगलकडे. कारखाना चालवणाऱ्या माणसाला हिशेब लवकर कळतो.

“व्हय,” ते म्हणाले. “बादलीपण आपोआपच रिकामी झाली असंल, न्हाय?”

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मशीनचा जाणकार म्हणून निकाल मी द्यायचा होता. लाल गोल मला डोळ्यांसमोर दिसत होता.

“आपोआप,” मी म्हटलं. “होतं असं कधीकधी.”

अक्कांनी मान हलवली. बादलीचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. अभिनंदनराव मात्र फोटोकडे पाहतच होते. “गॉगल तेवढा बरा हाय,” ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, “पुढं घ्या, पेपरवाले.”

पुढच्या काही फायलींमध्ये सन्मती आली. फोटो नाकापर्यंतच होता. माहितीचं पान मात्र पूर्ण होतं, शेवटच्या ओळीसकट : विवाहानंतर नोकरी सोडणार नाही. अक्कांनी ती ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. मग जयसिंगपूरला माहितीचं पान तेवढं पाठवलं आणि खाली लिहिलं, फोटो बघायचा नाही, मुलगी बघायची.

त्याच दिवशी मी त्यांच्या पडद्यावर एक वेगळी फाईल-पेटी करून दिली, सगळे नकार तिच्यात नीट ठेवले, तिला 'फिरून येणारे' असं नाव दिलं आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्या कपाटात ठेवली. केरसुणी काढून टाकली. बादलीत यापुढे काही ठेवायचं नाही, असं अक्कांकडून कबूल करून घेतलं. दिवाळीनंतर फराळाला गेलो तेव्हा पाहिलं. 'फिरून येणारे' बादलीत होती. मी ती बाहेर काढू लागलो तसं अक्कांनी मला विचारलं, “तिथं काय वाईट हुतं?”

हे काम आता कमी होत चाललं आहे. घरात कॉम्प्युटर असतो, पण त्यावर आच्छादन असतं. सगळं फोनवर चालतं, आणि फोन बिघडला तर लोक दुरुस्त करत नाहीत, बदलतात. अजूनही बोलावणं येतं तेव्हा मी पिशवी घेऊन जातो आणि शेवटचं काय केलं होतं ते विचारतो. उत्तर बदललेलं नाही.

सन्मतीचं लग्न उन्हाळ्यात गारगोटीला झालं. मला बोलावणं होतं, अक्कांच्या बाजूचं. पहिल्या पंगतीत त्यांच्या शेजारी माझं पान होतं, पलीकडे अभिनंदनराव, गॉगल खिशाला अडकवलेला. मुलीचे वडील आग्रह करत करत आमच्यापर्यंत आले आणि अक्कांसमोर थांबले. एवढे नकार आल्यावर हे जमवलं कसं, असं त्यांनी विचारलं. ते सगळ्या पंगतीला ऐकू गेलं.

“आम्ही काय केलं?” अक्का म्हणाल्या. “जमलं आपोआप.”

मुलीचे वडील हसले आणि पुढे सरकले. चालक कुठे आहे? माझ्या शेजारीच. अक्का वाढप्यापुढे बासुंदीची वाटी धरून म्हणत होत्या, ह्या पेपरवाल्यांना पण वाढा. मी वाटी पुढे केली. 'जमलं आपोआप' या वाक्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही.